गिऱ्हाइकाने चढवलेला भाव

मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे येळवस. त्या दिवशी पालमच्या बाजारात विकत घ्यायचं म्हटलं तर चिमूटभर मीठ मिळत नसे. अख्खं गाव आंबिलीची बिंदगी डोक्यावर घेऊन आपापल्या रानात जाई, तिथे कडब्याची कोप उभारून पाच दगडांचे पांडव मांडी आणि दिवस कलेपर्यंत जेवत राही. ज्याला रान नाही तोही उपाशी राहत नसे. बांधाबांधावरून लोक हाका मारून त्याला पंगतीत ओढत. आता, हाक मारणाऱ्याला त्यात पुण्य असतं हे खरं. पण दरसाल ओ देणाऱ्याला त्यात काय असतं, हे आजवर कुणी चंद्रप्पा शेट्यांना विचारलं नव्हतं.

चंद्रप्पांचं कापडाचं दुकान होतं, आणि चांगलं चालत होतं. चार गावचे नवरदेव त्यांच्या दुकानातलं धोतर नेसून बोहल्यावर चढत. कपाळावर विभूती, अंगात बंद गळ्याचा कोट, बोलणं मोजून आणि कापड मात्र चार बोटं जास्त मोजून, अशी त्यांची ख्याती होती. त्या वर्षी ते नेहमीप्रमाणे मेव्हण्याच्या, वीरभद्रच्या रानात जेवायला बसले होते. वीरभद्र त्यांच्या पानात बाजरीचा उंडा वाढत पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजींचं लय बरं हाय. रान न्हाई, राखण न्हाई, येळवस मातर चुकत न्हाई."

पंगत हसली. चंद्रप्पाही हसले, कारण मेव्हण्याच्या घरचं जेवताना दुसरं काही करता येत नाही. परतीच्या वाटेवर मात्र त्यांनी बायकोला सांगून टाकलं की आपण रान घेणार.

महानंदाबाई बैलगाडीत मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आंबील चढली जणू."

"पुढल्या येळवशीला माझ्या रानात पंगत बसंल, आन वीरभद्राला मी वाढीन," चंद्रप्पा म्हणाले.

एवढं खरं कारण बाजारात सांगता येण्यासारखं नव्हतं. बाजारात कारण व्यवहाराचं लागतं. म्हणून दुसऱ्या दिवशी समोरच्या किराणा दुकानाच्या गुरुसिद्धप्पांना चंद्रप्पांनी वेगळीच मांडणी ऐकवली. ज्वारी-कापसाचे भाव बसल्यापासून जमिनीही मातीमोल झाल्या आहेत. तिकडे विलायतेत लढाई पेटली आहे. लढाईत आधी कापड चढेल, मग धान्य चढेल, आणि त्यांच्या मागोमाग जमीन चढेल. आज घ्यायची आणि नातवाच्या लग्नापर्यंत हलवायची नाही. चंद्रप्पांना अजून जावईसुद्धा नव्हता, पण दूरचा विचार करायला बसलं की माणूस अशा बारीकसारीक गोष्टींत अडकत नाही.

गुरुसिद्धप्पा तराजूत सुपारी टाकत म्हणाले, "सोनं घ्या, आप्पा. सोन्याला पाऊस लागत न्हाई."

"सोनं चोर नेतोय."

"रान भाऊबंद नेतेत."

"मला भाऊबंद हायत कुठं?"

"रान घेतलं की उगवतेत," गुरुसिद्धप्पा म्हणाले, आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

किशनराव देशमुखांचा एक तुकडा विकाऊ होता. किशनराव एके काळचे मोठे बागाईतदार. आता ते गंगाखेडला वकील मुलाकडे राहत. पालमच्या शिवारात त्यांचं एवढंच रान उरलं होतं, आणि उरण्याचं कारण होतं कुंदा. कुंदा म्हणजे गवत नव्हे, ते संकट असतं. वरून कापावं तर तो खालून हसतो, नांगरावं तर तुकड्यातुकड्याने वाढतो. त्या रानाला लोक 'कुंद्याचं रान' म्हणत आणि तिथून जाताना गुरंसुद्धा मान वर करून पाहत नसत. खंडाने ते कुणी घेत नव्हतं, बटईने कुणी करत नव्हतं. त्यामुळे भाव चंद्रप्पांच्या ऐपतीत बसला. किशनरावांनी महादेवाच्या देवळात बेलाचं पान हातात घेऊन जबान दिली, आणि चंद्रप्पा त्या रात्री जमीनदाराच्या थाटात झोपले.

तहसील गंगाखेडला होती. तिथल्या पेशकाराने अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "पेशा कापडाचा, आणि घ्यायची जमीन? काश्तकाराची जमीन काश्तकारालाच जाईल, असा कायदा झालाय. तुम्ही शेतकरी, काश्तकार आहात का?"

"रान घेतलं की होतोच की, साहेब."

"मग झालात की घ्या."

कायद्याचा हेतू चांगला होता, यात वाद नाही. सावकारांनी कुणब्यांची रानं गिळू नयेत म्हणून तो केला होता. पण ज्याला जमीन नाही तो काश्तकार नाही, आणि जो काश्तकार नाही त्याला जमीन नाही, हे ऐकून चंद्रप्पा पायरीवर बराच वेळ बसून राहिले. आयुष्यात कुणी त्यांना 'तुम्ही दुकानदार आहात' असं तोंडावर म्हटलं नव्हतं. म्हणजे म्हटलं होतं, पण शिवी दिल्यासारखं म्हटलं नव्हतं.

तोड गुरुसिद्धप्पांनी काढली. ज्या माणसाने रान घेऊच नका म्हणून सांगितलं, त्यालाच पुढच्या सगळ्या सल्ल्यांचा मान मिळतो, हा आपल्याकडचा रिवाज आहे. ते म्हणाले, "पाडव्यापासनं तेच रान एक साल खंडानं करा. महसुलाचे गिरदावर साहेब पिकाच्या पाहणीला येतेत. तुमी पीक काढायलाव हे त्यांनी लिवलं, की झालाव तुमी काश्तकार."

किशनरावांना ही कल्पना फार आवडली. ज्या रानाला फुकटसुद्धा कुणी विचारत नव्हतं, त्याचा खंड विकेपर्यंत मिळणार होता. चंद्रप्पांनी खंड ठरवला, मुंजाजी नावाचा सालगडी ठेवला, बैलांची जोडी घेतली, आणि उन्हाळ्यात कुंदा खांदायला वडारांची टोळी लावली. ते स्वतः रोज दुपारी दुकान बंद करून छत्री उघडून बांधावर उभे राहत. कोट ते काढत नसत. मुंजाजीने एकदा सुचवलं की मालक, कोट काढला तर जरा वारं लागंल. त्यावर चंद्रप्पा म्हणाले की मालकानं कोट काढला तर वडार दर वाढवतेत.

कुंदा मुळासकट काढायचा तर खोल जावं लागतं. पुरुषभर खोल चर पडलेले पाहून गावात पहिली बातमी उठली, ती धनाची. चंद्रप्पांना रानात हंडा लागलाय. दुसऱ्या आठवड्यात कुणी म्हणालं हंडा नव्हे, रेल्वेचा फाटा येयलाय, आणि ते चंद्रप्पांना आतून कळलंय. कापडवाला माणूस उगाच एवढी माती उपसत नसतो, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. उगाच उपसतो, हे फक्त महानंदाबाईंना माहीत होतं, आणि त्या घरातली गोष्ट बाहेर सांगणाऱ्या नव्हत्या.

बातमी गंगाखेडला पोहोचली आणि मृगाच्या आधी किशनराव रान पाहायला आले. काळीभोर, भुसभुशीत माती त्यांनी मुठीत घेतली, सोडली, पुन्हा घेतली. मग म्हणाले, "चंद्रप्पा, हे जमायचं न्हाई. भाव वाढवावा लागंल."

"मालक, बेलाचं पान उचललंय तुमी."

"उचललंय, न्हाई म्हणत न्हाई. पण जबान दिली ती कुंद्याच्या रानाची. ह्यात कुंदा कुठं हाय? दावा बरं."

आणि चंद्रप्पा खरोखर शोधायला लागले. सारा उन्हाळा ज्याचं मूळ न् मूळ त्यांनी पैसे देऊन उपटवलं होतं, त्या कुंद्याचा एखादा ठोंब कुठे राहिला असेल तर बरं, म्हणून ते वाकून सगळ्या रानात फिरले. एकही सापडला नाही. वडारांनी काम चोख केलं होतं. किशनराव बांधावर बसून तंबाखू मळत होते. शेवटी घाम पुसत चंद्रप्पांनी वाढीव भाव कबूल केला, आणि येताना मुंजाजीवर उगाच रागावले.

मग बांध. शेजारचं रान दगडाबाईंचं. दगडाबाईंच्या तोंडाला लागायचं नाही असा शिवारातला अलिखित कायदा होता. चंद्रप्पांनी तो मोडायचा नाही म्हणून बांधाची हद्द दगडाबाईंच्या समक्ष स्वतःच मोजली, दुकानातला गज आणून. पण तीस वर्षांची सवय हाताला होती. एक गज मोजला की चार बोटं पुढे, एक गज मोजला की चार बोटं पुढे, असं ते दगडाबाईंचं रान या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजत गेले. बांध बांधून पुरा झाला तेव्हा दगडाबाईंच्या रानात एक नवी पट्टी जन्माला आली होती. दगडाबाईंनी त्या दिवसापासून चंद्रप्पांना 'देवमाणूस' म्हणायला सुरुवात केली, आणि तो अपमान त्यांना फार लागला.

बांध झाला म्हणून किशनरावांनी पुन्हा भाव वाढवला. रान चार बोटांनी कमी झालं म्हणून त्यांनी भाव कमी केला नाही. आषाढात परभणीच्या कुणा जमीनवाल्या व्यापाऱ्याने म्हणे त्याच रानाला दुप्पट देऊ केले. चंद्रप्पांना आता कुठे कोडं उलगडलं. दुकानात गिऱ्हाईक आपल्या मालाला नावं ठेवतं, म्हणून त्याला माल स्वस्त मिळतो. इथे ते एकटेच असं गिऱ्हाईक होते, जे माल घेण्याआधी धुऊन, इस्त्री करून, काठ लावून दुकानदाराच्या हातात परत देत होते आणि मग विचारत होते, आता केवढ्याला?

सगळ्या शिवारालाच त्यांनी वर नेलं. चंद्रप्पा घेतायत म्हणजे काहीतरी असणार, म्हणून शेजारची पडीक रानंसुद्धा लोक विचारू लागले. वीरभद्र मुद्दाम दुकानात येऊन सांगून गेला, "दाजी, तुमच्यामुळं माझ्या रानाचा भाव चढलाय. आणखी जरा खांदा की."

पण खरा घाव भाद्रपदात बसला. गिरदावर साहेब पाहणीला आले ते सोमवारी. चंद्रप्पा लिंगायत; नंदीचा वार म्हणून सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. इतर सहा दिवस वखरपाळ्या देऊन रान तव्यासारखं केलं होतं. सोमवारी मात्र बैल लिंबाखाली रवंथ करत होते, मुंजाजी झोपला होता, आणि चंद्रप्पा कोट घालून ताज्या वर्तमानपत्राने वारा घेत होते. गिरदावर साहेब उन्हातून चालत आले होते. त्यांनी हे दृश्य पाहिलं आणि विचारलं, "काश्तकार कौन?"

"मीच, साहेब. आज सोमवार हाय. बैलांना सुट्टी असती."

"बैल को छुट्टी, नौकर को छुट्टी, मालिक को भी छुट्टी?"

नंदीचा महिमा सांगायला चंद्रप्पांनी सुरुवात केली होती, पण तोवर साहेबांनी लिहून टाकलं होतं: जमीन पड, अर्जदार दुकानदार. चंद्रप्पा दुसऱ्यांदा गंगाखेडला गेले, पुन्हा अर्ज दिला, आणि पेशकाराने कृपावंत होऊन दुसरी पाहणी मंजूर केली. तोवर हस्तात पेरलेली ज्वारी गुडघ्याला लागली होती, मग कमरेला, मग डोक्याला. अशी ज्वारी त्या रानाने कुणाच्याच हयातीत पाहिली नव्हती. चंद्रप्पा रोज संध्याकाळी जात, पानांवरून हात फिरवत आणि पोत पाहिल्यासारखं बोटांत धरत. आपल्याला या पिकाचा एवढा अभिमान वाटतो हे कुणाला कळू नये म्हणून परत येताना ते तोंड मुद्दाम आंबट ठेवत.

पाहणीची तारीख आली ती सरकारी हिशेबात, बहमन महिन्यातली. उर्दू शाळेच्या मास्तरांनी वाचून दिली, आणि मठातल्या स्वामींनी पंचांगात पाहून सांगितलं की त्या दिवशी येळवस आहे. वर्षभरात ज्या एका दिवशी कुणी काश्तकार काडीसुद्धा उचलत नाही, नेमका तो दिवस. नोटिशीत असंही होतं की जमिनीच्या मालकाने जातीने हजर राहावं. म्हणजे किशनराव येणार, आणि परभणीच्या व्यापाऱ्याचा दुप्पट भाव खिशात घेऊन येणार. हा दाखला गेला की रान गेलं.

"औंदा येळवस नगंच," ते घरी म्हणाले. "रान नावावर न्हाई. लोक हसतील."

महानंदाबाई आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ काढत होत्या. त्यांनी विचारलं, "पेरलं कुणी?"

"आपण."

"मग पांडव काय तहसीलदार मांडील?" त्या म्हणाल्या, आणि पीठ काढत राहिल्या.

येळवशीच्या सकाळी कोप उभी राहिली. पांडव चुन्याने रंगले, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचा वास बांधापलीकडे गेला. महानंदाबाईंनी वाटेने जाणाऱ्या कुणालाच सोडलं नाही. वीरभद्र आला, गुरुसिद्धप्पा दुकान बंद करून सहकुटुंब आले, दगडाबाई स्वतःचं जेवण आटोपून देवमाणसाकडे दुसऱ्यांदा जेवायला आल्या. किशनराव आले तेव्हा अवघडून बांधावरच उभे राहिले होते. महानंदाबाईंनी त्यांना हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं. चंद्रप्पा जरीकाठी धोतर नेसून वाढत होते. वाढता वाढता त्यांना दूरवर गिरदावर साहेबांची टोपी दिसली, आणि त्यांची बुद्धी जागेवरून हलली.

त्यांनी भज्जीचं पातेलं मुंजाजीच्या हातात दिलं, कोपीमागचं खुरपं उचललं आणि ते तडक ज्वारीत घुसले. निदान आज तरी काम करताना दिसलं पाहिजे. पण येळवशीला रानात लोखंड लावणं म्हणजे भरल्या घरात भांडण काढणं. महानंदाबाई ज्वारीच्या कडेला उभ्या राहून दबक्या आवाजात म्हणाल्या, "आवो, बाहेर या. लक्ष्मी जेवायली आन तुमी खुरपं काय घेतलाव?"

साहेब पोहोचले तेव्हा त्यांना दिसलं ते असं: डोक्याएवढी ज्वारी, तीत एक जरीकाठी धोतर, आणि हातातलं खुरपं पाठीमागे लपवायला पाहणारा माणूस. साहेबांनी त्याला ओळखलं. त्यांनी पंगतीकडे मान वळवली. पाहणी मालकाच्या जबानीवर सुरू होते, म्हणून त्यांनी किशनरावांनाच विचारलं, "देशमुखसाहब, जमीन आपकी. ये पीक किसका?"

किशनरावांनी 'माझं' म्हटलं असतं तर खोटं कुणाला ठरवता आलं असतं? नाव त्यांचं, सात पिढ्या त्यांच्या. चंद्रप्पा खुरपं धरून उभे होते. आपलं वर्ष, आपलं दुकान, आपली सारी प्रतिष्ठा या म्हाताऱ्याच्या तोंडात आहे, हे त्यांना दिसत होतं. त्या तोंडात त्या वेळी उंडा होता.

किशनरावांनी सावकाश घास गिळला. वर एक घोट आंबील प्याले. "साहेब, तुमी ह्या मुलखात लय साल काढलाव. येळवस कोण घालतंय, ठाव हाय न्हवं? ज्यानं पेरलं त्यो. दुसऱ्याच्या पिकात कुणी पांडव मांडत नसतं. मी हितं पाव्हणा म्हणून जेवायलोय."

साहेबांनी पांडवांकडे पाहिलं, ज्वारीकडे पाहिलं. महानंदाबाईंनी तेवढ्यात त्यांच्यासाठी पाट टाकला होता. साहेबांनी उभ्याउभ्याच लिहिलं, पीक अव्वल, काश्तकार चंद्रप्पा. आणि मग बूट काढून जेवायला बसले.

आता भावाचं राहिलं. हात धुताना किशनराव चंद्रप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, "परभणीचा व्यापारी जाऊ द्या. तुमच्या घरचं खाल्लंय. आपला जुना भाव, बेलाच्या पानाचा. करा कागूद."

गुरुसिद्धप्पांनी हे ऐकलं आणि आनंदाने चंद्रप्पांच्या पाठीत थाप मारली. पण चंद्रप्पांचा चेहरा लाल झाला होता. तीस वर्षं दुकान केलेल्या माणसाला आपल्या मालाची किंमत पाडलेली सहन होत नाही.

"जुना भाव?" ते म्हणाले. "मालक, त्यो कुंद्याच्या रानाचा होता. हे रान तेवढ्यात जायचं न्हाई."

"आता घेणार तुमी, का इकणार तुमी?"

"ते काय बी असू द्या. ह्या ज्वारीकडं बघा आन मग बोला. बांध घातल्यावरचा भाव, त्याच्या खाली न्हाई."

"अवो, मी सोडायलोय!"

"मी सोडू देणार न्हाई."

आणि मग पालमच्या शिवाराने कधी न ऐकलेली घासाघीस सुरू झाली. विकणारा खाली ओढत होता, घेणारा वर ढकलत होता, आणि गिरदावर साहेब हातातला उंडा तसाच धरून ऐकत होते. वीरभद्र कपाळावर हात मारून म्हणाला, "दाजी, सोताच्या खिशाला कात्री कामून लावायलाव?"

चंद्रप्पा त्याच्याकडे वळले. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्या शिवारातलं सगळ्यात भारी रान हाय हे. सगळ्यात भारी भावानंच गेलं पाहिजे. न्हाईतर नातवाला काय सांगू, सवंगात घेतलं म्हणून?"

शेवटी बांध घातल्यावरच्या भावावर हात मिळाले. जिंकले कोण, यावर गुरुसिद्धप्पा आणि दगडाबाई यांचं त्यानंतर कित्येक दिवस पटलं नाही. महानंदाबाईंनी मात्र नवऱ्याच्या पानात खिरीची वाटी जास्तीची ठेवली.

दिवस कलला, लोक पांगले. किशनराव जायला निघाले आणि बांधावर थांबले. ज्वारीवरून वारं जात होतं. या शिवारात आता त्यांचं काहीच उरलं नव्हतं. ते ज्वारीकडे पाहतच म्हणाले, "चंद्रप्पा, पुढल्या येळवशीला बोलावशीला न्हवं मला?"

बांधावरची हाक ऐकणाऱ्याला कशी लागते, हे चंद्रप्पांना सांगायला नको होतं. त्यांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावरची घोंगडी नीट केली.

"बोलावणं कशाला, मालक? रान ठाव हाय न्हवं तुमाला? सकाळच्याला या. कोप आपण दोघं मिळून उभी करू."